मी परत सारलेली चिठ्ठी

हस्ताक्षर तज्ज्ञ म्हटलं की लोक वही पुढे करतात. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर दर वर्षी ठरलेलं. आरती झाली, प्रसाद वाटून झाला की कुणीतरी बँकेतल्या साहेबांची मिसेस कागदावर दोन ओळी खरडून आणणार आणि म्हणणार, "भाऊ, माझा स्वभाव सांगा ना." सुरुवातीला मी समजावून सांगायचो की अक्षरावरून स्वभाव सांगणारे ते वेगळे, ते जत्रेत बसतात. नंतर कंटाळून म्हणायला लागलो, "तुम्ही फार प्रेमळ आहात, पण लोक त्याचा गैरफायदा घेतात." सगळ्या खूश व्हायच्या. आजवर एकीनेही ते खोटं म्हटलेलं नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनाही बहुधा अशाच गमतीजमती हव्या आहेत. त्या माझ्याकडे आहेतही. बउबाजारातला एक सराफ स्वतःचीच सही नाकारायला आला होता. चेकवरची सही माझी नाहीच, म्हणाला; आणि ते लिहून दिलेल्या अर्जाखाली त्याने तीच सही ठोकली, त्याच फराट्यासकट. दोन सख्खे भाऊ वडिलांचं मृत्युपत्र खोटं म्हणून एकमेकांवर उलटले होते, आणि दोघांनी आणलेली दोन्ही मृत्युपत्रं खोटी निघाली. बाप बिचारा काहीच न लिहिता गेला होता. अशा गोष्टी सांगत मी चाळीस पानं भरीन. पण या वर्षी मला गमती सांगायच्या नाहीत. मला राग सांगायचा आहे. तो बरीच वर्षं आत ठेवलेला आहे आणि आता वयाप्रमाणे पचनशक्ती कमी झाली आहे.

आधी धंदा काय तो सांगतो. मी केंद्र सरकारच्या दस्तऐवज तपासणीच्या कामात होतो. पुण्याहून बदली होऊन कोलकात्याला आलो तो तीन वर्षांसाठी, आणि इथेच निवृत्त झालो. काम असं. एखाद्या कागदावरच्या सहीबद्दल वाद असला की पोलीस किंवा कोर्ट तो कागद आमच्याकडे पाठवतं. ती वादातली सही. सोबत त्याच माणसाच्या, ज्यांबद्दल कुणाचा वाद नाही अशा सह्या पाठवायच्या. ते नमुने. आम्ही भिंगाखाली, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बघायचे, मोठे फोटो काढायचे आणि सांगायचं, एका हाताच्या आहेत की नाहीत. पेन कुठे टेकलं, कुठे उचललं, दाब कुठे वाढला, वळण घेताना हात अडखळला का. अक्षराचा आकार कुणीही गिरवून आणतो. चाल आणता येत नाही.

आणि एक नियम मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवला, तो मी पुढे पंधरा-वीस जणांना शिकवला. मजकूर वाचायचा नाही. वाचला की मन एका बाजूला झुकतं. विधवेचं पत्र आहे म्हटलं की दया येते, सावकाराचं म्हटलं की संताप येतो, आणि मग डोळ्याला हवं तेच दिसतं. "आम्ही वाचत नाही, आम्ही बघतो," हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या ऐटीत म्हटलं आहे की माझी मुलगी लहानपणी माझी नक्कल करताना तेच म्हणायची. त्यामुळे कोलकात्यात इतकी वर्षं काढून मला बंगाली बोलता येतं, दुकानाची पाटी वाचता येते, पण हाताने लिहिलेलं बंगाली पत्र मी कधी नीट वाचायला शिकलो नाही. गरज काय, असंच वाटायचं.

तर कोलकात्यातल्याच बेहाला भागातली फाइल. मिनतीदेवी नावाच्या एक विधवा बाई, वय अठ्ठ्याहत्तर. मूलबाळ नाही, दोन खोल्यांचा स्वतःचा फ्लॅट, नवऱ्याने मागे ठेवलेल्या ठेवी. थंडीच्या दिवसांत एका सकाळी त्या अंथरुणात मेलेल्या सापडल्या. गल्लीतल्या डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहून दिलं आणि दुपारपर्यंत त्यांना अग्नी देऊन झाला. महिन्याभरात कळलं की फ्लॅट आणि ठेवी तापस नावाच्या माणसाच्या नावे करणारं पत्र बाईंनी सही करून ठेवलं आहे.

हा तापस नात्यातला नव्हता. चाळिशीचा, सुतासारखा सरळ दिसणारा, गळ्यात तुळशीची माळ. बाईंची औषधं आणायचा, गॅसचा नंबर लावायचा, बँकेच्या रांगेत उभा राहायचा, पूजेला नवी साडी आणून द्यायचा. पाडा म्हणजे तिथला मोहल्ला-शेजार, तो त्याच्यावर इतका खूश की मुखाग्नीही त्यानेच दिला. पोटच्या मुलाने केलं नसतं इतकं केलं, असं लोक पोलिसांच्या जबाबात सांगत होते. हे जबाब मी नंतर वाचले तेव्हा मला त्या सगळ्यांच्या एकेक कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या बाईला तुम्ही किती दिवसांनी एकदा भेटत होता? तिच्या घरी कधी बसलात? एक परका माणूस सगळं करतोय म्हटल्यावर आपली सुटका झाली, म्हणून तो चांगला. एकट्या बाईला सांभाळायचं काम ज्याने उचललं त्याला कुणी विचारत नाही की का उचललंस. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन वर टाळ्या वाजवणारे हे लोक.

तक्रार एकटीने केली. मिनतीदेवींची भाची शिखा, आसनसोलला शाळेत शिकवणारी, तेव्हा पस्तिशीची असेल. तिचं म्हणणं, पत्रावरची सही माशीची नाही. माशी म्हणजे मावशी. म्हणून पोलिसांनी ते पत्र माझ्याकडे पाठवलं, आणि सोबत नमुने म्हणून बँकेच्या सहा स्लिपा.

आता इथून पुढे मी स्वतःला सोडणार नाही.

नमुने कसे असावेत याचा नियम आहे. वेगवेगळ्या काळातले हवेत, आणि वाद सुरू व्हायच्या बऱ्याच आधीचे काही तरी हवेतच. खातं उघडताना बँक सहीचं कार्ड घेते, ते सगळ्यात उत्तम. तपास अधिकाऱ्याने ते मागितलं होतं. बँकेने कळवलं, कार्ड फार जुनं आहे, दुसऱ्या गोदामात आहे, शोधावं लागेल. अधिकाऱ्याला घाई होती. त्याने हाताशी असलेल्या अलीकडच्या सहा स्लिपा उचलल्या. सगळ्या शेवटच्या आठ महिन्यांतल्या. मला ते दिसलं. माझ्या टिपणात मी लिहिलंसुद्धा. फाइल परत पाठवून जुने नमुने मागवायचा मला अधिकार होता; मी तो शंभरदा वापरलेला आहे. पण महिनाअखेर होती, वरून तुंबलेल्या फायलींबद्दल पत्रं येत होती, आणि सह्या इतक्या सुंदर जुळत होत्या की मला परत पाठवावंसं वाटेना. दुसरं, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची रेषा स्थिर होती. तेही मी लिहिलं, "रेषा स्थिर, प्रवाही." म्हातारपणी हात कापतो हे पोरालाही कळतं. मी ते बाईंचं कौतुक समजलो.

आणि तिसरं, ठिपका. वादातल्या सहीत शेवटच्या अक्षराच्या खाली, किंचित उजवीकडे, पेन टेकवल्यासारखा एक ठिपका होता. सही संपवून समाधानाने टेकवल्यासारखा. सहाही स्लिपांवर तोच ठिपका, त्याच जागी, तेवढाच दाबलेला. गिरवणाऱ्याला अशा बारीक सवयी दिसत नाहीत, म्हणून आमच्या धंद्यात त्यांना फार किंमत. मी अहवालाच्या मसुद्यात जुळणाऱ्या खुणांची यादी केली, त्यात हा ठिपका चौथ्या क्रमांकावर घातला. अभिमानाने घातला.

अहवाल टाइपाला जायच्या आदल्या दिवशी शिखा ऑफिसात आली. जेवणाची सुट्टी होती. शिपाई डबा खायला गेला होता म्हणून ती थेट माझ्या टेबलापर्यंत पोचली. पक्षकाराने तपासनिसाला भेटायचं नाही हा नियम आहे, आणि नियम बरोबर आहे, नाहीतर आमची टेबलं म्हणजे बाजार झाला असता. मी तिला बसायला सांगितलं नाही. कोणत्या केसबद्दल आलात तेही बोलू नका म्हणालो. तिने खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुर्गेचं विसर्जन झालं की बंगाल्यांत विजया असते. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, नारळाचे नाडू म्हणजे लाडू खायचे, आणि जे गावी नसतील त्यांना विजयेची चिठ्ठी लिहायची. धाकटे नमस्कार लिहितात, वडीलधारे आशीर्वाद. आपल्याकडे तिळगूळ पाकिटात घालून पाठवायचे तसं. आता सगळं मोबाइलवर होतं, पण जुन्या बायका अजून हाताने लिहितात. हे पत्र मिनतीदेवींनी मरणाआधीच्या विजयेला भाचीला लिहिलेलं होतं.

"एकबार देखुन, सर," ती म्हणाली. एकदा बघा.

मी बघितलं नाही. नमुने तपास अधिकाऱ्याकडून सीलबंद येतात, मी असे हाती घेत नाही, ठाण्यात द्या, असं सांगितलं. ती म्हणाली, ठाण्यात दिलं होतं, खासगी पत्राला काही किंमत नाही म्हणून त्यांनी परत दिलं. मग म्हणाली, माशीचा हात कापायचा, तिला चहाचा कप धरता येत नव्हता. आणखीही काही सांगायला लागली. मी कानांवर हात ठेवल्यासारखं करून उठलो आणि खिडकीशी गेलो. ती बोलायची थांबेना, तेव्हा परत येऊन टेबलावरच्या लांब पट्टीने ते निळं पत्र तिच्या बाजूला सारलं. हाताने नाही, पट्टीने. त्यावर माझ्या बोटांचे ठसेही उमटू नयेत इतका मी नियमाने वागत होतो. तिने पत्र पिशवीत ठेवलं आणि गेली.

संध्याकाळी घरी मी हे सुधाला, माझ्या बायकोला, सांगितलं. जरा फुशारकीनेच, की बघ, माणसं कशी नियम मोडायला लावतात. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "हातात तरी घ्यायची होतीत. आसनसोलहून आली होती ती." मी म्हटलं, तुला आमचं काम कळत नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल गेला. वादातली सही आणि नमुन्याच्या सह्या एकाच व्यक्तीने केल्या आहेत. खाली माझी सही. पोलिसांनी त्यावर बोट ठेवून तक्रार बंद केली.

पुढे दीड वर्ष मी ही फाइल विसरलो. मग हावड्याहून एक फाइल आली. पारुलदेवी, विधवा, निवृत्त परिचारिका, एकटी. तसंच पत्र, तसाच मृत्यू, तसाच डॉक्टरी दाखला. फरक इतकाच की त्यांच्या नणंदेची तक्रार ज्या उपनिरीक्षक बाईकडे गेली ती मौसुमी नावाची, नुकती नोकरीला लागलेली आणि भलती चिवट होती. तिने बँकेच्या स्लिपा उचलल्या नाहीत. पारुलदेवी ज्या रुग्णालयात नोकरीला होत्या तिथल्या दप्तरात दोन दिवस धूळ खाऊन तिने पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे रजेचे अर्ज आणि निवृत्तीचे कागद शोधून काढले.

जुन्या सह्यांशी पत्रावरची सही अजिबात जुळत नव्हती. दहा मिनिटांत कळलं. मी सवयीने पुढचं बघत होतो, गिरवणाऱ्याची स्वतःची काही खूण राहिली आहे का, आणि सहीच्या शेवटच्या अक्षराखाली, किंचित उजवीकडे, मला ठिपका दिसला.

बाहेर ऊन होतं, पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर कुणीतरी क्रिकेटबद्दल बोलत होतं. मी उठून कपाटातून बेहालाच्या प्रकरणाची आमची प्रत आणि मोठे केलेले फोटो काढले. मूळ कागद परत जातात, पण फोटो आमच्याकडे राहतात. सहा स्लिपा, एक पत्र, आणि हे हावड्याचं पत्र, ओळीने मांडले. नावं वेगळी, अक्षरं वेगळी, पण ठिपका एकच. जागा तीच, दाब तोच, टेकवताना पेन डावीकडे किंचित घसरतं तेही तेच.

म्हणजे मी बेहालाच्या फाइलीत जे लिहिलं होतं ते शब्दशः खरं होतं. सातही सह्या एकाच हाताच्या होत्या. तो हात मिनतीदेवींचा नव्हता, एवढंच. बाईंच्या स्लिपा तापसच भरत होता आणि सह्याही तोच करत होता, आणि पोलिसांनी त्याच्याच खोट्या सह्या खऱ्या म्हणून मला दिल्या, आणि मी खुन्याच्या सवयीची यादी करून ती मेलेल्या बाईच्या नावावर चढवली. चौथ्या क्रमांकावर. मग मी तारखा बघितल्या. माझ्या अहवालानंतर सात महिन्यांनी पारुलदेवी मेल्या. तक्रार उघडी राहिली असती तर तो माणूस हावड्याला पोचलाच नसता. हे मला कुणी सांगायला नको होतं आणि कुणी सांगितलंही नाही. आमच्या साहेबांनी तर, नमुने चुकीचे मिळाले त्याला तुम्ही काय करणार, अशी समजूत घातली. मला त्या समजुतीचाही राग आला.

मग वरातीमागून घोडं. मी बेहालाच्या ठाण्याला लिहिलं, त्यांनी कळवलं की प्रकरण बंद आहे. मौसुमीला सगळं सांगितलं. हावड्याचं पत्रही तापसच्याच नावे होतं; तिने त्याला पकडलं आणि आसनसोलला जाऊन शिखाला गाठलं. शिखाने कोर्टात अर्ज केला आणि बेहालाचं प्रकरण पुन्हा उघडलं. आता बँकेला ते सहीचं कार्डही सापडलं. गोदामात शोधायला एकाच दिवसाचं काम होतं. विजयेची चिठ्ठी कोर्टामार्फत, सीलबंद, नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर आली. जुन्या कार्डाशी मी ती ताडून बघितली. हात कापत होता, रेषा नागमोडी झाली होती, पण चाल तीच, उचल तीच. चिठ्ठी मिनतीदेवींचीच आणि स्लिपा त्यांच्या नाहीत, असा अहवाल दिला. आणि एवढं होऊनही, सवय बघा, मी चिठ्ठी वाचली नाही. ओळी आडव्या-उभ्या बघितल्या, एकही वाक्य लावलं नाही.

निकाल आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशेने पुढे वाचणार नाही. तापसला शिक्षा झाली ती खोट्या सह्या आणि फसवणूक यांची. खुनाची नाही. पोलिसांपुढे त्याने कबूल केलं होतं की पायेशातून, म्हणजे तांदळाच्या खिरीतून, त्याने गोळ्या दिल्या. कोणत्या आणि किती ते मी लिहिणार नाही, दिवाळी अंक सगळ्यांच्या हाती पडतो. कोलकात्याजवळच्या बजबज गावीही त्याने एकीला असंच मारलं होतं, तेही त्यानेच सांगितलं. ती तर आमच्यापर्यंत आलीच नाही, कारण तिच्यासाठी भांडायला भाचीही नव्हती आणि नणंदही नव्हती. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तिघींची राख झालेली. डॉक्टरांचे दाखले हृदय बंद पडल्याचे. कायदा असा का आहे ते मला कळतं. मारून मुटकून कबुल्या घेतलेल्या फायली मी पाहिल्या आहेत. कळलं म्हणून राग जात नाही. तीन बायका मेल्या आणि शिक्षा झाली ती शाईची. ती भोगून तो सुटला. आज कुठे आहे मला ठाऊक नाही. कुणाच्या तरी गॅसचा नंबर लावत असेल.

पण तेवढी तरी शिक्षा होणार की नाही, हे एका दुपारी माझ्या तोंडावर अवलंबून होतं, आणि ती दुपार सांगितल्याशिवाय मला हे संपवता येणार नाही.

साक्षीला मी उभा होतो. समोर बाकावर शिखा, तीच कापडी पिशवी मांडीवर. तापसचा वकील हुशार होता. आधी त्याने माझे दोन अहवाल दोन हातांत धरले आणि विचारलं, यातला खरा कोणता. मी म्हटलं, दुसरा. पहिल्यात सह्या एका हाताच्या आहेत हे बरोबर होतं, हात कुणाचा हे माझं चुकलं. कोर्टात हशा झाला. तो मी गिळला. तो माझ्या वाटणीचाच होता.

मग त्याने चिठ्ठी घेतली. बँकेचं कार्ड फार जुनं, शेवटच्या दिवसांतला बाईंचा हात दाखवणारा कागद हा एकच; आमच्या बाजूचा सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. न्यायाधीशांनी पेशकाराला, कोर्टाच्या कारकुनाला, ती मोठ्याने वाचायला सांगितली. पेशकार अडखळत, अक्षर लावत वाचू लागला, आणि माझ्या धंद्यात आल्यापासून पहिल्यांदा, मी तपासलेल्या कागदात काय लिहिलं आहे ते मी ऐकलं.

"शिखा मा, विजयेचे आशीर्वाद. हात फार कापतो, ही चिठ्ठी तीन दिवस लिहिते आहे. बँकेत माझी सही जुळेना, मग आता तापसच माझ्या नावाने सही करतो. त्याला हुबेहूब जमते. मुलगा चांगला आहे, काळजी करू नकोस. नाडू पाठवले आहेत, मिळाले की कळव."

पेशकाराने चिठ्ठी खाली ठेवली.  निळ्या कागदावर, तिसऱ्या ओळीत, बाईंनी स्वतःच्या कापऱ्या हाताने सगळं लिहून ठेवलं होतं. भिंग नको होतं, सूक्ष्मदर्शक नको होता. आसनसोलच्या कुठल्याही पोराला वाचता आलं असतं.

वकिलाला चिठ्ठीचं वजन कळलंच होतं. त्याने लगेच दुसरी बाजू धरली. माशीची चिठ्ठी होती तर पहिल्या तक्रारीत का नाही आली? ठाण्याच्या दप्तरात तिची नोंद का नाही? टपालाच्या शिक्क्यावरची तारीख का लागत नाही? इतके महिने होती कुठे? अर्थ उघड होता, की तक्रार फेटाळल्यावर भाचीने ती कुणाकडून तरी लिहवून घेतली. मग तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ही चिठ्ठी तुमच्यापुढे पहिल्यांदा केव्हा आली?

आमच्या साहेबांनी मला आदल्या दिवशीच बजावलं होतं, कागदावर आहे तेवढंच सांगा. कागदावर एकच होतं, चिठ्ठी कोर्टामार्फत आली. त्या जेवणाच्या सुट्टीची कुठे नोंद नव्हती. मी "कोर्टामार्फत" म्हटलं असतं तर ते खोटं ठरवणारा एकच माणूस त्या खोलीत होता, आणि तिच्यावर आधीच संशय घेऊन झाला होता. माझी सेवा निष्कलंक राहिली असती. चिठ्ठी मात्र बनावट ठरायला एवढं पुरलं असतं.

मी सांगितलं, "पहिल्या अहवालाच्या आदल्या दिवशी. या बाई माझ्या टेबलाशी घेऊन आल्या होत्या. हीच. निळं आंतर्देशीय."

 वकील हसून म्हणाला, "म्हणजे तुम्ही ती तेव्हाच वाचली होतीत?"

"नाही."

"का?"

"आम्ही वाचत नाही," मी म्हणालो. ते वाक्य आयुष्यात शेवटचं म्हटलं ते तेव्हा. मग सगळंच सांगितलं, पट्टीसकट. न्यायाधीश लिहून घेत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. त्या साक्षीने चिठ्ठी टिकली, आणि चिठ्ठीने शिक्षा. माझ्यावर खात्याने ताशेरा ओढला. तो ओढायलाच हवा होता, इतका सौम्य ओढायला नको होता.

बाहेर व्हरांड्यात शिखा उभी होती. मी माफी मागायला गेलो. काय बोलायचं ते आधीपासून जुळवलेलं होतं, पण ऐन वेळी बंगाली सगळं पळून गेलं. मी हिंदीत म्हणालो की पारुलदेवी माझ्यामुळे गेल्या. ती नाही म्हणाली नाही. तिने मला सोडवलं नाही, याबद्दल मी तिचा आजही आदर करतो. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि शाळेत पोरांना सांगतात तशा आवाजात म्हणाली, "सर, पुढच्या वेळी कुणी आलं, तर आधी वाचा."

मी हो म्हटलं. दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो. पुढची वेळ आलीच नाही.